शाळेतले बंद पडलेले कॉम्प्युटर या गेमवाल्या पोरांकडे द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागल्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांमध्ये एका निवृत्त गुरुजींचं पत्र छापून आलंय, की कोकणातली पोरं रात्र रात्र हेडफोन लावून गेम खेळतात आणि एकमेकांशी काय बडबडतात देव जाणे, आईबापांनी नेट बंद करावं वगैरे. पत्र कळकळीनं लिहिलंय, त्याबद्दल वाद नाही. पण ती बडबड गुरुजींनी कधी ऐकलेली दिसत नाही. मी ऐकतो, कारण मी पण त्यांच्यातच असतो. चाळिशी उलटलीय माझी, दापोली तालुक्यात थोडीफार हापूसची कलमं आहेत, घर समुद्राला लागूनच, आणि रात्री जेवणं आटपली की तास-दीड तास माळ्यावर कॉम्प्युटरपुढे बसतो. घरातले हसतात, हसू देत.

आमच्या टोळक्यात कोण कोण आहेत ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. एक हर्णैला बोटीवर जातो, तो १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा रोज हजर आणि एरवी कधीतरी उगवतो. एक पॉलिटेक्निकला शिकणारा पोरगा, एक बँकेत आहे, एकाचं चिपळूणला दुकान, आणि एक डोंबिवलीचा चाकरमानी ज्याचं गावचं घर मंडणगडात आहे. गेम सुरू होतो साडेनऊला आणि खरं सांगायचं तर दहा वाजता गेम बाजूलाच राहिलेला असतो, कारण कोणाचा तरी कॉम्प्युटर बिघडलेला असतो आणि मग सगळे त्याच्या मागे लागतात. "पंखा फिरतोय पण डिस्प्ले येत नाय रे." "रॅम काढून पुसलीस काय?" "पुसली." "कशानं?" "टॉवेलानं." आणि मग सगळ्यांच्या शिव्या. खोडरबर घे म्हणतात, पेन्सिलीचा, हलक्या हातानं रॅमची, म्हणजे त्या मेमरीच्या पट्टीची, सोनेरी कड घास, कण झटक आणि परत खटकन आवाज येईपर्यंत बसव. दहातल्या पाच-सहा वेळा तेवढ्यानंच मशीन चालू होतं हो. हे कुठल्या दुकानात सांगत नाहीत, दुकानात सांगतात मदरबोर्ड गेला.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडे कॉम्प्युटर वापरून झिजत नाही तर हवेनं मरतो, हे घाटावरच्या माणसाला पटत नाही. समुद्रावरची खारी हवा, त्यात पावसाळ्याचे चार महिने भिंतीला हात लावला तरी ओलसर लागतो, मीठ ती ओल ओढून घेतं आणि बोर्डावर एक पातळ थर धरतो, त्यातून नको तिथे करंट जातो आणि तांब्याला हिरवा-पांढरा खार चढतो. त्यात पुन्हा पाली, मुंग्या, आणि कुंभारीण माशी, जी यूएसबीच्या भोकात सुद्धा मातीचं घर बांधते, विश्वास बसत नसेल तर माझ्याकडे येऊन बघा. आणि आपली माणसं करतात काय, तर एप्रिलच्या शेवटी शाळेला सुटी लागली की सगळ्या कॉम्प्युटरना प्लास्टिक गुंडाळतात आणि खोलीला कुलूप. जूनमध्ये शाळा उघडते पण ती खोली काही उघडत नाही, ती उघडते गणपती झाल्यावर, आणि तेव्हा बटन दाबलं की काहीच होत नाही. त्या प्लास्टिकच्या आत ओल अडकून राहते ना! उघडं ठेवलं असतं आणि रोज अर्धा तास चालू केलं असतं तर मशीन स्वतःच्या गरमीनं स्वतःला सुकवत राहिलं असतं. आमचा बोटीवाला तर गंमत म्हणून सांगतो, बोटीवरचा वायरलेस दिवसभर चालू असतो म्हणून टिकतो आणि घरातला टीव्ही बंद राहून खराब होतो.

यावर आमच्यात जे ठरलेले उपाय आहेत ते असे काही मोठे नाहीत. सीपीयूच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, रंग बदलणारं जेल मिळतं ते घ्यायचं, ओल प्यायलं की रंग बदलतं, मग तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरायचं. बंद कपाटात ठेवायचं असेल तर कपाटात जुना पिवळा बल्ब लावून ठेवायचा, एलईडी नाही, एलईडी तेवढा गरम होत नाही. महिनोन्‌महिने बंद असलेलं मशीन एकदम चालू करायचं नाही, आधी उघडून ब्रश मारायचा, एक दिवस कोरड्या उबदार जागी ठेवायचं आणि मग प्लग लावायचा. एसएमपीएस, म्हणजे आत वीज पुरवणारा डबा, मात्र उघडायचा नाही, गेला तर सरळ बदलायचा, त्याच्यातले कपॅसिटर प्लग काढल्यावर पण करंट धरून असतात, हे आम्ही नवीन पोराला पहिल्या दिवशी सांगतो आणि दोनदा सांगतो.

विजेचं अजून वेगळंच. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की मेन प्लग काढतात सगळे, पण लॅनची, म्हणजे राउटरकडून येणारी नेटची, वायर तशीच राहते आणि त्या वायरीतून राउटरसकट मदरबोर्डाचं पोर्ट जातं. आता फायबर आलंय, काचेच्या तारेतून वीज येत नाही हे खरं, पण त्या डब्याचा अ‍ॅडॉप्टर तर आपल्याच लाईटवर असतो ना, मग तिथून येते. आणि स्पाइक गार्ड लावला म्हणून निर्धास्त झोपणाऱ्यांनी आधी अर्थिंग बघावं, जांभ्यात खड्डा मारून पट्टी गाडलेली असते आणि मे महिन्यात ती माती ठणठणीत कोरडी, अर्थिंग फक्त नावाला. कोळसा-मीठ घालून वरून अधूनमधून पाणी ओतावं लागतं. इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर टाका, मागे बटन असतं, नाहीतर लाईट गेली की बदलाबदलीत कॉम्प्युटर धाडकन बंद होतो आणि लोक म्हणतात व्हायरस आला.

गेमचा याच्याशी काय संबंध असं गुरुजी विचारतील. सगळा संबंध आहे. पत्र टाइप करणाऱ्याला कॉम्प्युटर अडकला तरी चालतं, दोन मिनिटं थांबेल, चहा पिऊन येईल. गेम खेळणाऱ्याला एक क्षण अडकलं तरी मेला तो, म्हणून तो शोधत बसतो की अडकतंय कशामुळे, पंख्यात धूळ आहे, चिपची गरमी बाहेर नेणारी थर्मल पेस्ट सुकलीय, की नेटचा प्रॉब्लेम आहे. पिंगचंच घ्या, म्हणजे आपल्याकडून गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. पॉलिटेक्निकवाल्या पोराच्या बापानं पोरगा कुरकुरतो म्हणून मोठा प्लॅन घेतला, जास्त एमबीपीएसचा, आणि पिंग होतं तेवढंच. तेव्हा त्या पोरानं हिशेब मांडला की फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, आपल्याकडून मुंबई सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन दोन-तीन मिलीसेकंदाचं काम, मग आपल्याला साठ-सत्तर का दिसतं? काही कंपनीच्या आडवळणानं जाणाऱ्या रस्त्यामुळे, ते आपल्या हातात नाही, पण बाकीचं घरातच होतं. राउटर ओटीवर आणि पोरगा मागच्या खोलीत, मध्ये जांभ्याच्या दोन हातभर जाड भिंती. वाय-फाय जाणार कसं? माळ्यावरून लॅनची वायर ओढली आणि काम झालं. फिजिक्सच्या पुस्तकातनं त्याला प्रकाशाचा वेग कधी एवढा जवळचा वाटला नसेल. पुढे हीच वायर ओढायची कला त्यानं गावातल्या दोन-तीन घरांत आणि ग्रामपंचायतीत वापरली, पैसे घेतले, घ्यावेतच.

आणि हे आजचं नाही. आमच्या वेळी सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन जो काउंटर-स्ट्राइक खेळायचो तो मुळात १९९९ साली हौशी पोरांनी दुसऱ्याच कंपनीच्या गेममध्ये खटपट करून बनवलेला होता, कंपनीनं तो नंतर विकत घेतला. खटपट आधी, धंदा मागून.

पैशाचं म्हणाल तर तिथे मी गुरुजींच्या बाजूनं आहे, शंभर टक्के. रमी, सट्टा, टीम लावून पैसे लावा असल्या अ‍ॅपनी आपल्याकडे पण घरं बुडवलीत, आंब्याच्या सीझनचा पैसा हातात आलेला असतो तेव्हाच नेमकी जाहिरात दिसते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले ते बरंच केलं, पण त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायचे गेम, वेगळे काढून त्यांना मान्यता दिलीय, हे गुरुजींच्या पत्रात यायला हवं होतं. व्यसन लागतं का, लागतं काही जणांना, जागतिक आरोग्य संघटनेनं पण ते आजारांच्या यादीत घातलंय, पण त्यांची अट अशी आहे की माणसाचं रोजचं जगणं बिघडलेलं पाहिजे आणि साधारण वर्षभर तसं चाललेलं पाहिजे. अकरा वाजता दिवा दिसला एवढ्यावर ठरत नाही ते. आमच्यातही एकजण शिमग्यानंतर अभ्यास सोडून दिवसभर बसायला लागला होता, तेव्हा आम्हीच त्याला परीक्षेपर्यंत घ्यायचं बंद केलं. चिडला, मग आला परत.

आता शाळेची गोष्ट, ज्यासाठी हे पत्र लिहितोय. आमच्या जवळच्या एका शाळेत, नाव नको, कॉम्प्युटरची खोली आहे, मुंबईच्या मंडळानं दिलेली जुनी ऑफिसची मशीनं. सगळ्यांवर नेट बंद. एका दुकानदारानं बघून सांगितलं की मदरबोर्ड कमजोर झालेत, नवीन घ्या. पॉलिटेक्निकवाला पोरगा धाकट्या बहिणीला सोडायला गेला होता, त्यानं सहज स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यातली तारीख बघितली तर २०१३. बोर्डावर एक बटनासारखा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा, तो संपला की मशीन बंद केल्यावर तारीख विसरतं, आणि तारीख चुकीची असली की ब्राउजर कुठलीच साइट उघडत नाही, कारण साइटचं जे सर्टिफिकेट असतं त्याची मुदत त्या मशीनच्या हिशेबानं अजून सुरूच व्हायचीय. घड्याळाच्या दुकानात मिळतो तो सेल, चहा-वडापावच्या भावात. नखानं क्लिप बाजूला केली, जुना टुणकन वर आला, नवा बसवला, तारीख घातली, साइट उघडली. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "एवढंच?" एवढंच.

चिपळूणवाल्याची गोष्ट अजून मोठी आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा त्याचं आणि आजूबाजूच्यांचं सगळं चिखलात. लोकांची पहिली इच्छा काय, तर चालू होतंय का बघू, आणि तेच करायचं नसतं. आम्ही इकडून फोनवर बोंबलत होतो, प्लग लावू नको, कोणाला लावू देऊ नको. बोर्ड सुटे केले, सेल काढले, चिखल स्वच्छ पाण्यानं धुतला, मग केमिस्टकडून मिळालं तेवढं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि कितीतरी दिवस सुकवत ठेवले. हार्डडिस्कना हातच लावला नाही, त्यांना हवेसाठी बारीक भोक असतं त्यातून पाणी आत गेलेलं असू शकतं, त्या तशाच डेटा काढणाऱ्यांकडे पाठवायला सांगितल्या. सगळं वाचलं असं नाही. पण काही जणांचे हिशेब वाचले.

आणि आता विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ जुन्या मशीनवर सरळ चढत नाही, टीपीएम २.० नावाची चिप मागतं, त्यामुळे शाळा-शाळांतली मशीनं भंगारात निघायच्या वाटेवर आहेत. रॅमचे भाव डेटा सेंटरवाल्यांमुळे असे चढलेत की नवीन घ्यायची सोय नाही. याच मशीनवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटातली सिस्टिम, टाकलं तर ती अजून काही वर्षं आरामात चालतात, मराठी टायपिंग होतं, नेट चालतं. आणि आमच्या पोरांना लिनक्स येतं, का येतं तर २०१८ पासून स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर विंडोजचे गेम लिनक्सवर चालवायची सोय आली, प्रोटॉन म्हणतात, त्या नादात शिकली.

तेव्हा माझी आपल्या पेपरमार्फत शाळा समित्यांना एवढीच विनंती आहे की सुटीत खोलीला कुलूप लावायच्या आधी गावातल्या एखाद्या गेमवाल्या पोराला बोलवा. चावी त्याच्याकडे द्या, जबाबदार माणूस हवा तर सोबत एखादे शिक्षक बसू देत, आठवड्यातून दोनदा खोली उघडून सगळी मशीनं अर्धा तास चालू करायची, प्लास्टिक काढून टाकायचं, सेल बदलायचे, जुन्यांवर लिनक्स टाकायचं. पोरं पैसे मागणार नाहीत, सेलचे आणि सिलिका जेलचे तेवढे द्या. मधल्या वेळात एखादा गेम टाकतील, टाकू देत. आमच्या तालुक्यात कोणी तयार असेल तर आम्ही आहोतच, आणि गुरुजींनाही आमंत्रण आहे, रात्री साडेनऊनंतर केव्हाही, हेडफोन मी देतो.

कळावे,
एक आंबा बागायतदार, दापोली तालुका, जि. रत्नागिरी

ता. क. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांनो, ऑफिसातली जुनी मशीनं आणणार असाल तर बरोबर पॉवरच्या वायरी पण आणा, दरवर्षी त्याच विसरता. आणि जुन्या मशीनला लागणारी डीडीआर ३ रॅम कोणाच्या खणात पडून असेल तर फेकू नका.