रोजच्या राबण्याला 'गिग' म्हणू नका

महोदय,

आपल्या अंकात घरपोच सेवा देणाऱ्यांबद्दल किंवा टॅक्सीचालकांबद्दल बातमी आली, की 'गिग कामगार' हा शब्द हमखास असतो. त्याविषयी थोडं लिहावंसं वाटतं, कारण हा शब्द मुळात आमच्या धंद्यातला आहे.

मी व्हायोलिन वाजवते. कधी स्टेज शो, कधी रेकॉर्डिंग, कधी एखाद्या गायिकेची साथ. आमच्यात 'शनिवारी गिग आहे' असं कोणी म्हटलं तर त्यात बरंच काही गृहीत असतं. आधी फोन येतो. तारीख कोणती, साउंड चेक किती वाजता, गाणी किती, तालमी किती, मानधन किती, येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, हे सगळं बोलून घेतलं जातं. पटलं तर तारीख अडवायची. नाही पटलं, किंवा दुसरीकडे शब्द दिलेला असला, तर तसं सांगून मोकळं व्हायचं. नकार दिला म्हणून पुढच्या वेळी फोन येत नाही, असं सहसा होत नाही. कार्यक्रम झाला, पैसे मिळाले, व्हायोलिन पेटीत गेलं, की गिग संपली. मनगट दुखावलं तर घरी बसावं लागतं आणि त्या दिवसांचे पैसे कोणी देत नाही, हेही खरंच. पण मानधन सांगताना आम्ही ते धरूनच सांगतो.

१९२०च्या दशकात अमेरिकेतले जॅझ वादक हा शब्द याच अर्थाने वापरत होते: एका रात्रीचं, एका ठिकाणचं, ठरवून घेतलेलं वाजवणं. (एका घोड्याच्या हलक्या दुचाकी गाडीलाही इंग्रजीत 'गिग' म्हणतात, पण वादकांच्या गिगशी तिचं नातं कोणी सिद्ध केलेलं नाही.) पुढे कुठल्याही सुट्या, थोड्या दिवसांच्या कामाला लोक बोलताना गिग म्हणू लागले, तेही ठीक होतं. अनुवादकाने एक पुस्तक घेतलं, चित्रकाराने एक मुखपृष्ठ केलं, तर ती गिगच. २००८च्या मंदीनंतर मात्र 'गिग इकॉनॉमी' हा शब्दप्रयोग रुळला आणि ॲपवर चालणारी सगळीच कामं त्या एका शब्दाखाली आली.

माझा भाचा अशाच एका ॲपसाठी सामान पोहोचवतो. त्याचं काम मी जवळून पाहिलं आहे. मोबाइलवर ऑर्डर झळकते आणि तिच्याखाली सेकंद उलटे मोजले जातात, तेवढ्यात 'हो' म्हणायचं. दर त्याने ठरवलेला नसतो आणि तो बदलला तर त्याला नंतर कळतं. लागोपाठ दोन-तीन ऑर्डर नाकारल्या की पुढच्या ऑर्डर यायला वेळ लागतो, असा त्याचा अनुभव आहे. रोज सकाळी त्याच वेळेला तो कंपनीचा टी-शर्ट घालून बाहेर पडतो आणि रात्री येतो. या कामाला ठरलेला शेवट नाही, घासाघीस नाही, आणि नकार देण्याची खरी मोकळीकही नाही. माझं काम आणि त्याचं काम एकाच शब्दात कसं मावणार?

फेब्रुवारी २०२१मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या चालकांबाबत निकाल दिला, तेव्हा न्यायाधीशांनी करारातल्या नावांपलीकडे जाऊन व्यवहार पाहिला. भाडं कोण ठरवतं, कराराच्या अटी कोण घालतं, फेऱ्या नाकारल्या तर काय होतं, प्रवाशांनी दिलेल्या गुणांचा वापर कसा होतो, प्रवासी आणि चालक यांच्यात थेट संपर्क राहू दिला जातो का, हे तपासून त्यांनी चालकांना किमान वेतन आणि भरपगारी रजेचे हक्क असलेले कामगार ठरवलं. कॅलिफोर्नियात उलटा गोंधळ झाला. कंपन्यांनी कामगारांना 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हणू नये यासाठी २०१९मध्ये तिथे कायदा झाला, त्यात एका कार्यक्रमापुरते जमणारे वादकही सापडले आणि २०२०मध्ये दुरुस्ती करून त्यांना वगळावं लागलं. दोन वेगळी कामं एका मापाने मोजली, की अडचण दोघांचीही होते.

आपल्याकडच्या २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही 'गिग कामगार' आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' (म्हणजे ॲप किंवा वेबसाइटवरून मिळणारं काम करणारे) यांच्या व्याख्या वेगवेगळ्या दिल्या आहेत. कायद्याला दोन शब्द लागतात, मग बातमीत एकच का?

कॉलेज सांभाळून आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी ॲपवर काम करणारी मुलंही असतात, आणि त्यांच्यापुरता हा शब्द चालेल. पण ज्याचं घर त्याच कामावर चालतं, त्याला गिग कामगार म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, हा हौसेने, सवडीने काहीतरी करतो आहे. मग त्याच्या अपघात विम्याची किंवा सुट्टीची मागणी जास्तीची वाटू लागते. माझ्या भाच्याला ओळखीची माणसं सहज विचारतात, 'बाकी नोकरी कुठे करतोस?' त्या प्रश्नाने तो किती खट्टू होतो, हे मी पाहते.

म्हणून विनंती एवढीच, की अशा बातम्यांत 'डिलिव्हरी कामगार', 'ॲपवरचे टॅक्सीचालक' किंवा 'प्लॅटफॉर्म कामगार' असं लिहावं. आणि बातमीदारांनी त्यांना भेटल्यावर दोन गोष्टी जरूर विचाराव्यात आणि छापाव्यात: दिवसाला किती तास काम होतं, आणि दर कोण ठरवतं.

– एक व्हायोलिनवादक वाचक