त्या लाल टोपीवालीचे नाव सुझान व्हालादों

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला फ्रेंच चित्रकारांवरचा लेख मनापासून आवडला. एक गोष्ट मात्र खटकली. लेखासोबत रेन्वारचे ‘बूजिव्हालचे नृत्य’ हे १८८३ मधले चित्र छापले होते. त्यात लाल टोपी घालून नाचणाऱ्या तरुणीचा उल्लेख ‘एक मॉडेल’ एवढाच होता. तिचे नाव सुझान व्हालादों. पुढे ती स्वतः मोठी चित्रकार झाली.

तिचा जन्म १८६५ चा, लिमोज शहराजवळच्या एका गावातला. आई अविवाहित, धुण्याभांड्याची कामे करून पोट भरणारी. मुलगी पॅरिसच्या मोंमार्त्र वस्तीत वाढली, पडेल ते काम करू लागली, मग सर्कशीत गेली. पंधराव्या वर्षाच्या आसपास झोक्यावरून पडली आणि सर्कस सुटली. मग चित्रकारांसमोर बसायचे काम धरले. प्युव्ही द शाव्हान, रेन्वार, तुलूझ-लोत्रेक या सगळ्यांनी तिला रंगवले. मूळ नाव मारी-क्लेमेंतीन. सुझान हे नाव लोत्रेकने दिलेले.

मुलींना पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत प्रवेशच मिळाला तो १८९७ साली. सुझानला कसले शिक्षण मिळणार? ती बसल्या जागेवरून समोरच्याचा हात बघत शिकली. मी तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरे बसवली. नुसते बघून रेषा हाताशी येणे किती अवघड असते, हे मला ठाऊक आहे. तिची रेखाटने पाहून नामवंत फ्रेंच चित्रकार देगा थक्क झाला. त्याने ती विकत घेतली, एचिंग म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापण्याचे तंत्र शिकवले. १८९४ मध्ये तिची रेखाटने ‘सोसिएते नास्योनाल’ या कलाकारांच्या संस्थेच्या प्रदर्शनात लागली.

पदरी मुलगा होता, अठराव्या वर्षी झालेला. तोच पुढे चित्रकार झालेला मोरीस उत्रिल्लो. तो दारूच्या आहारी गेला, तेव्हा आईने त्याच्या हाती कुंचला दिला. नंतर मुलाचे नाव आईपेक्षा मोठे झाले. आता तरी तिची ओळख कुणाची मॉडेल किंवा कुणाची आई एवढ्यावर थांबू नये, असे फार वाटते.

१९०९ मध्ये तिने ‘आदम आणि इव्ह’ रंगवले. इव्ह ती स्वतः, आदम म्हणजे मुलाचा मित्र आंद्रे उत्तेर, तिच्याहून एकवीस वर्षांनी लहान. पुढे तिने त्याच्याशी लग्न केले. बाईने पुरुषाचे नग्न शरीर रंगवावे हे लोकांना झेपणारे नव्हते. चित्र प्रदर्शनात मांडायचे तर आदमच्या कमरेभोवती पाने रंगवावी लागली. इव्ह मात्र होती तशीच राहिली!

आणि १९२३ ची ‘निळी खोली’. पलंगावर एक भरल्या अंगाची बाई रेलली आहे. पट्ट्यापट्ट्यांचा सैल पायजमा, वर गुलाबी बंडी, तोंडात सिगारेट, पायाशी दोन पुस्तके. पडदे निळे, चादर निळी, त्यावर पांढरी फुलेपाने. शतकानुशतके अशा पलंगांवर बायका उघड्या झोपवल्या गेल्या, बघणाऱ्याकडे बघत. ही आपल्याच विचारात आहे. कुणासाठी ती पोटही आत ओढत नाही. अंगाभोवतीची काळी, जाड रेषा कोळशाने ओढल्यासारखी ठाम आहे. स्वतः इतकी वर्षे दुसऱ्यांसमोर अवघडून बसलेल्या बाईलाच हा निवांतपणा असा दिसला असेल, असे मला वाटते. चित्र आता पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्र या कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे.

व्हालादों १९३८ मध्ये गेली. मोंमार्त्रमधल्या कोर्तो गल्लीतली तिची चित्रशाळा पुन्हा पूर्वीसारखी मांडून लोकांना खुली केली आहे.

‘बूजिव्हालचे नृत्य’ पुन्हा कधी छापाल, तेव्हा खाली तिचे नाव जरूर द्यावे. आणि पुरवणीत जागा असेल, तर ‘निळी खोली’ एकदा रंगीत, मोठी छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सांगली