‘पुट ऑफ’ म्हणजे नुसते ‘पुढे ढकलणे’ नव्हे

मा. संपादक,
स. न.

पावसाळा लागला की मुंबईत परीक्षा, सामने, सभा यांच्या बदललेल्या वेळापत्रकांचा पाऊसही सुरू होतो. मूळ सूचना बहुधा इंग्रजीत असते आणि तिचे घाईघाईने मराठी होते. या घाईत ‘पुट ऑफ’ आणि ‘कॉल ऑफ’ एकाच दावणीला बांधले जातात. पेपर पुढे गेला की रद्द झाला, हे विद्यार्थ्याला बातमीवरून कळत नसेल तर ती बातमी काय कामाची?

दोन्हींतला फरक सोपा आहे. ‘पुट ऑफ’मध्ये काम अंगावर शिल्लक राहते, फक्त दिवस बदलतो. ‘कॉल ऑफ’मध्ये विषयच मिटतो. पण ‘कॉल ऑफ’ला सरसकट ‘रद्द’ लिहूनही भागत नाही. संप ‘कॉल ऑफ’ झाला की तो मागे घेतला, शोधमोहीम थांबवली, ठरलेले लग्न मोडले आणि सामना रद्द झाला. इंग्रजीत एकच क्रियापद, मराठीत चार. ‘संप रद्द झाला’ हे वाचताना दाताखाली खडा येतो तो यामुळेच.

‘पुट ऑफ’चा अर्थ ठरवताना आधी कर्म पाहावे. कर्म काम किंवा तारीख असेल तर पुढे ढकलणे, लांबणीवर टाकणे. कर्म माणूस असेल तर अर्थ पार बदलतो. ‘द स्मेल ऑफ बॉम्बे डक पुट हर ऑफ’ म्हणजे बोंबलाच्या वासाने तिची खायची वासनाच गेली. बोंबलाने तिला पुढे ढकलले नाही. गोलंदाज धावत येताना कोणी साइटस्क्रीनसमोरून गेले आणि त्याने फलंदाजाला ‘पुट ऑफ’ केले, तर त्याचे लक्ष उडवले. कंडक्टरने विनातिकीट प्रवाशाला ‘पुट ऑफ’ केले, तर खाली उतरवले. घेणेकऱ्याला सबबी सांगून ‘पुट ऑफ’ केले, तर टोलवले, वाटेला लावले. यातच एक पोटभेद आहे. पाहुण्यांना ‘पुट ऑफ’ केले म्हणजे त्यांना नंतर यायला सांगितले. इथे कर्म माणूस असूनही बदलते ती तारीखच.

‘ऑफ’नंतरचा ‘बाय’ही फसवतो. ‘पुट ऑफ बाय अ वीक’ म्हणजे एका आठवड्याने पुढे, तर ‘पुट ऑफ बाय हिज मॅनर्स’ म्हणजे त्याच्या वागण्याने मन विटले. ‘टिल मंडे’चे मराठी ‘सोमवारपर्यंत पुढे ढकलली’ असे सर्रास छापून येते. आता ही सभा सोमवारी होणार, सोमवारच्या आत होणार की मंगळवारी? ‘सभा आता सोमवारी’ एवढे पुरते.

वापरताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. सर्वनाम नेहमी मधे येते: ‘पुट इट ऑफ’ बरोबर, ‘पुट ऑफ इट’ चूक. कर्म लांबलचक असेल तर मात्र ते ‘ऑफ’च्या मागून येते. पुढे दुसरे क्रियापद असेल तर त्याला ‘आयएनजी’ लागतो: ‘पुट ऑफ गोइंग’. आपली मुले ‘पुट ऑफ टू गो’ लिहितात, कारण डोक्यात ‘जायचे लांबणीवर टाकले’ असते आणि ‘जायचे’ला ती ‘टू गो’ समजतात. भूतकाळात ‘पुट’ तसाच राहतो. ‘पुटेड’ असे रूप नाही. ‘पुटिंग’च्या स्पेलिंगमध्ये दोन ‘टी’.

समानार्थी म्हणून पाठ करून घेतले जाणारे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘पोस्टपोन’चा लॅटिन अर्थ ‘नंतर ठेवणे’. हा शब्द सूचनाफलकावरचा, तर ‘पुट ऑफ’ बोलण्यातला. ‘डिफर’ निर्णयाला, प्रवेशाला किंवा पैसे भरण्याला लावतात. ‘डिले’त कोणाचा हेतू असावाच लागत नाही, म्हणून लोकल ‘डिलेड’ असते, ‘पुट ऑफ’ नसते. रुळांवर पाणी साचून चालू सेवा मधेच बंद करावी लागली की ‘सस्पेंड’. ‘शेल्व’ला आपल्याकडे ‘बासनात गुंडाळणे’ हा नेमका शब्द तयार आहे. ‘प्रोक्रास्टिनेट’च्या पोटात लॅटिनमधला ‘क्रास’, म्हणजे ‘उद्या’, दडला आहे, आणि त्याला ‘चालढकल’इतका चपखल शब्द शोधून मिळायचा नाही. कोर्टाच्या ‘स्टे’ला आपण स्थगिती म्हणतो, तेव्हा साध्या सभेला ‘स्थगित’ लावण्यापूर्वी जरा थांबावे.

‘अ‍ॅडजर्न’ म्हणजे तहकूब करणे. सप्टेंबरात गृहनिर्माण संस्थांच्या फळ्यावर वार्षिक सभेची सूचना लागते, तिच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेले असते: गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेतली जाईल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. इथे सभेची वेळ झालेली असते, लोक जमलेले असतात, फक्त पुरेसे नसतात. सभेच्या चार दिवस आधीच तारीख बदलली तर ती सभा तहकूब होत नाही, पुढे ढकलली जाते. इंग्रजी सूचनेत या दोन्हींना ‘पोस्टपोन्ड’ लिहिणारे चिटणीस कमी नाहीत.

सगळ्यात मोठी गफलत दिशेची. मराठीत नंतरचा काळ ‘पुढे’ असतो. इंग्रजीत ‘पुश बॅक’ केलेली बैठक नंतर होते आणि ‘ब्रिंग फॉरवर्ड’ केलेली आधी. त्यामुळे ‘ब्रिंग फॉरवर्ड’चे ‘पुढे आणली’ केले की अर्थ नेमका उलटा होतो. तिथे ‘अलीकडे आणली’ किंवा ‘आधी घेतली’ हवे. आपल्याकडचा ‘प्रीपोन’ या घोटाळ्यातून छान सुटका करतो. इंग्लंडात तो फारसा चालत नाही, पण मुंबईतल्या कचेरीत तो वापरायला लाजण्याचे कारण नाही.

‘ऑफ’, ‘बॅक’ असे शब्द जोडून होणारी ही क्रियापदे परक्यांना सर्वांत जड जातात, असे सॅम्युअल जॉन्सनने आपल्या १७५५ च्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवले आहे. मराठी मुलाला ती इतकी परकी वाटू नयेत. मागे लागणे, मागे पडणे, मागे घेणे, मागे टाकणे यांतला फरक त्याला कोणी याद्या देऊन शिकवलेला नसतो. कोण कोणाच्या मागे लागले आणि काय मागे घेतले, हे त्याने वाक्यात ऐकलेले असते. शिकवण्यांच्या वह्यांत मात्र ‘पुट ऑफ बरोबर पोस्टपोन’ अशी एक ओळ असते आणि लगेच पुढचे क्रियापद. त्या ओळीखाली एका वाक्यात कर्म म्हणून परीक्षा आणि दुसऱ्यात माणूस घातला, तर जेमतेम पाच मिनिटे जास्त लागतील.

बातमीपुरती एक विनंती. मूळ सूचनेत नवी तारीख असेल तर ती मथळ्यातच द्यावी. ती नसेल आणि ‘कॉल ऑफ’ असेही म्हटलेले नसेल, तर ‘परीक्षा लांबणीवर, नवी तारीख नंतर’ असे लिहावे.

– इंग्रजीचा एक शिक्षक, गिरगाव, मुंबई