शाळेच्या वाटेवरचा वेग : परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय परिवहनमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

रस्ता सुरक्षेचा सप्ताह आला की शाळाशाळांतून मुलांकडून ‘दोन्हीकडे बघूनच रस्ता ओलांडा’ हे वाक्य घोकून घेतले जाते. मुले ते पाठ करतात, पाळतातही. माझी तक्रार मुलांच्या शिस्तीविषयी नसून, ज्या रस्त्यावर ही शिस्त अपुरी पडते त्या रस्त्याविषयी आहे.

शाळा सुटण्याच्या वेळी फाटकासमोर उभे राहिल्यास एक दृश्य हमखास दिसते. कडेला लागलेल्या दोन मोटारींच्या फटीतून सात-आठ वर्षांचे मूल मान पुढे काढते, पाठीवरचे दप्तर सावरते, पुन्हा मागे सरकते. त्याची उंचीच जेमतेम सव्वा मीटर असल्यामुळे मोटारीच्या टपापलीकडचे त्याला दिसत नाही, आणि चालकालाही ते दिसत नाही. बघण्यासाठी त्याला आधी रस्त्यात यावे लागते. येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज बांधणे लहान मुलांना मुळातच अवघड जाते, ते वेगळेच.

अशा वेळी सगळा भार चालकावर आणि त्याच्या वेगावर येतो. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, तर ताशी 30 किलोमीटर वेगाची मोटार कोरड्या रस्त्यावर साधारण 13 मीटरांत थांबते; ताशी 50 किलोमीटर वेगाच्या मोटारीचे तेवढे अंतर ब्रेक लागण्यापूर्वीच संपलेले असते. म्हणजे पहिली मोटार जिथे थांबली असती, तिथे दुसरी पूर्ण वेगाने मुलावर आदळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 5 ते 29 या वयोगटातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण रस्ते अपघात हेच आहे. पादचारी, सायकलस्वार आणि वाहने जिथे एकत्र वावरतात तिथे कमाल वेग ताशी 30 किलोमीटर ठेवावा, असे रस्ता सुरक्षेवरील जागतिक मंत्रिपरिषदेच्या 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे.

केवळ फलक लावून मात्र वेग उतरत नाही. रुंद, सरळ रस्ता चालकाला वेग वाढवण्याचेच आमंत्रण देतो. (झेब्रा पट्ट्यांना नवा रंग दिला की काम फत्ते झाले, असे समजणाऱ्यांचे मला नेहमीच नवल वाटते.) शाळेसमोरचे क्रॉसिंग पदपथाच्या पातळीपर्यंत उचलून घ्यावे, वाहनांना हळूच वळावे लागेल असे वळणाचे कोपरे आखूड करावेत, रुंद रस्त्याच्या मध्यभागी मुलांना थांबता येईल असा दुभाजक द्यावा आणि क्रॉसिंगच्या अलीकडे काही मीटर पार्किंगला सक्त मनाई करावी, एवढ्याने निम्मे काम होईल. सायकलने येणाऱ्या मुलांसाठी रंगाची नुसती रेघ पुरेशी नाही, कारण त्या रेघेवर पहिले वाहन उभे राहिले की मुलाला वाहतुकीतच शिरावे लागते. मार्ग उंचवट्याने किंवा कठड्याने वेगळा केलेला हवा, आणि तो फाटकापर्यंत अखंड हवा. चौकाआधी संपणारा सायकलमार्ग मुलाला नेमका सर्वांत धोक्याच्या जागी सोडून देतो. हेल्मेटचा आग्रह जरूर धरावा, पण तो या कामांना पर्याय ठरू नये.

तेव्हा आपल्या खात्याने शाळांसमोर ताशी 30 किलोमीटर वेगमर्यादेची अधिसूचना कधी निघणार एवढेच न कळवता, शाळांसमोरची क्रॉसिंग उचलण्याच्या कामाची पहिली निविदा कोणत्या महिन्यात निघेल आणि त्यासाठी किती तरतूद केली आहे, तेही कळवावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक पालक