ट्रोजन हे उपग्रह नव्हेत

रविवारच्या पुरवणीतील लेखात ट्रोजन लघुग्रह ‘गुरूभोवती फिरतात’ असे म्हटले आहे, ते बरोबर नाही. ते सूर्याभोवतीच फिरतात. फक्त वाट गुरूची असते. काही गुरूच्या साधारण ६० अंश पुढे, काही तितकेच मागे. म्हणजे गुरूपासून त्यांचे अंतर जवळपास सूर्य-गुरू अंतराएवढेच, सुमारे ७८ कोटी किलोमीटर. इतक्या लांबच्यांना उपग्रह कसे म्हणावे? गणितज्ञ लॅग्रांज यांनी १७७२ मध्ये समतोलाच्या या जागा गणिताने दाखवल्या. १९०६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ माक्स वोल्फ यांना तिथे ‘अकिलीस’ हा लघुग्रह सापडला. आपले ‘आदित्य एल१’ यानही सूर्य-पृथ्वीच्या समतोलाच्या एका बिंदूपाशी आहे, पण तो ६० अंशांवर नाही, दोघांच्या मधल्या रेषेवर आहे. तिथला समतोल डळमळीत, म्हणून टिकायला यानाला अधूनमधून इंधन जाळावे लागते; अकिलीस मात्र आपल्या जागी आपोआप टिकून राहतो. खरी गंमत ही होती, नेमकी तीच लेखातून निसटली.

– एक वाचक, सातारा