रविवारची बैठक : शेजारचा टॉवर आणि फ्लॅटचं बुकिंग

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ९ वाजता ले-आउटमधल्या मंदिराच्या सभामंडपात बैठक आहे. प्रत्येक घरातून एकाने तरी यायचंच आहे.

नागपूरच्या मनीषनगर-बेसा पट्ट्यात रोज नवा टॉवर उभा राहतोय. आपल्यापैकी बरेच जण मुलांसाठी फ्लॅट बघताहेत. कृपया घाई करू नका. मागच्या वर्षी मी कच्च्या पावतीवर दोन लाख देऊन बसलो आणि ते परत मिळवायला आठ महिने चपला झिजवल्या. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

बुकिंगआधी एवढं बघाच:

• महारेराचा (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक मागा आणि तो महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. प्रकल्प कधी पूर्ण होणार, ती तारीख तिथे दिसते.
• करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. २०१६ च्या रेरा कायद्यातच तसं आहे.
• भाव कार्पेट एरियावर (घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा) विचारा, सुपर बिल्टअपवर (जिना, लिफ्ट वगैरे सामाईक जागेचा वाटा धरून) नको.
• मे महिन्यात पाणी कुठून येणार? नळ, बोअर की टँकर, हे लेखी घ्या.

आता आपल्या घरांचं. शेजारच्या प्लॉटवर बेसमेंटचं खोदकाम सुरू झाल्यापासून कोपऱ्यातल्या घराच्या कंपाउंडला पायऱ्या-पायऱ्यांची भेग गेली आहे, बोट आत जातं. त्या बाजूच्या सगळ्यांनी आजच भिंतींचे तारखेसह फोटो काढा आणि प्रिंट घेऊन या. त्याच दिवशी सह्यांचा अर्ज तयार करायचा आहे.

– सचिव