सहीचा विषय काढणार नव्हतो

विटा,
रविवार, रात्री साडेदहा

चि. पिंकी,
अनेक आशीर्वाद.

पप्पांचं अक्षर बघून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. आजीचा गुडघा होता तसाच. मक्याला खत टाकून झालं. दादा उद्या पहाटेच्या गाडीनं पुण्याला निघालाय. त्याच्याकडं आईनं मेतकूट, लसणाची चटणी आणि तू विसरलेली निळी शाल दिलीय. त्याच पिशवीच्या तळाशी हे पाकीट ठेवतोय. खोलीवरच्या पोरी नसतील तेव्हा वाच.

फोनवर बोललो असतो. पण फोनवर तू नुसतं 'हो पप्पा, हो पप्पा' करतेस, आणि माझ्या शेजारी आई बसलेली असते.

गुरुवारी तू हसत हसत सांगितलंस, की कारखान्यात रात्रपाळीला रिटॉर्टचं, म्हणजे खाण्याची पाकिटं शिजवायच्या त्या मोठ्या कुकरचं, तापमान दर पंधरा मिनिटांनी वहीत लिहायचं असतं, त्यातली दोन वाचनं राहून गेली, तर सर म्हणाले, "वरच्यासारखंच लिही आणि सही ठोक, काय फरक पडतो." तू हसलीस, आईही हसली. मी उठून बाहेर गेलो. आईला वाटलं म्हशीला बघायला गेलो.

त्यावर काही बोलायचं नाही असं तीन दिवस ठरवतोय. तू चार वर्षं परभणीला काढून आलेली, मी बारावी. शिवाय निघायच्या आदल्या रात्री आपलं वाजलंच होतं. "तुमच्या वेळची डेअरी वेगळी होती पप्पा, आता सगळं मशीन लिहितं," असं तू म्हणालीस आणि मी ताटावरून उठलो. उठायला नको होतं. भरलं वांगं तुझ्यासाठी केलेलं, तूही नीट जेवली नाहीस. ते माझ्या डोक्यातून जात नाही.

तर सहीचं राहू दे.

तुझा करारनामा दादानं मला परत एकदा वाचून दाखवला. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे म्हणे. म्हणजे माझ्यापेक्षा वयानं मोठा. एक वर्ष, बारा हजार विद्यावेतन, आणि मधे कुठंतरी असं, की शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. दादा तेवढं वाचून पुढं गेला. मी त्याला थांबवून ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. का, ते पुढं सांगतो. सांगायचं धाडस झालं तर.

बारा हजार मी पारावर चौदा करून सांगितले. हसू नकोस. आपल्याकडं शिकाऊ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गलाईवाल्याकडं पाठवलेलं पोरगंच येतं. तुझा धाकटा चुलता नववी नापास झाल्यावर कोइमतूरला गेला, तो दोन वर्षं नुसत्या जेवणावर. सोनं आटवायच्या ॲसिडच्या धुरात दिवसभर उभं राहायचं आणि रात्री दुकानातच झोपायचं. पहिल्या दिवाळीला आला तेव्हा आजीनं त्याला ओळखलं नव्हतं. आता चार खोल्यांचा बंगला आहे, पण खोकला अजून तोच आहे. त्या मानानं तुला कॅन्टीन आहे, बस आहे, खात्यावर पैसे येतात. पारावरच्या मंडळींना मी म्हटलं, आमची पिंकी जेवण शिजवायला नाही गेली, जेवण वर्षभर टिकवायला गेलीय. कुणाला काही कळलं नाही. मलाही ते तू कुकरवर दाखवलंस तेव्हा कळलं.

आठवतंय ना? दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तू आईच्या हातातून कुकरचं झाकण घेतलंस आणि म्हणालीस, "आई, हाच आमचा रिटॉर्ट. शिट्टी होते तेव्हा आत १२० च्या आसपास असतं, आमच्याकडं १२१. फक्त आमचा खोलीएवढा असतो, आणि पाकिटं फुटू नयेत म्हणून बाहेरून हवेचा दाब द्यायचा." मग टोमॅटो आणि मटकी शेजारी शेजारी ठेवून सांगितलंस, की पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ४.६ च्या खाली, म्हणजे आंबटाकडं, असेल तर विष तयार करणारा तो जंतू वाढत नाही, म्हणून टोमॅटोला उकळी पुरते. मटकीची उसळ, राजमा, डाळ यांना ती पुरत नाही. त्यांच्या पाकिटाच्या अगदी मधोमध १२१ अंशाची निदान तीन मिनिटं मिळायलाच हवीत. आई म्हणाली, "आणि नाही मिळाली तर?" तू म्हणालीस, "पाकीट कधी फुगतं, कधी फुगत पण नाही. वास येईलच असंही नाही. माणूस खातो."

आमचं दूध त्या मानानं प्रामाणिक. बिघडलं की फाटून दाखवतं.

बघ, परत तिकडंच चाललो.

नाकातली चमकी काढायला लावली म्हणून आई दोन दिवस कुरकुरत होती, बांगड्यांचं तर विचारूच नकोस. मी तिला समजावलं, प्लँटमधे असंच असतं. पण तू केसांची जाळी कानावरून खाली ओढून घालत जा, फोटोत कान उघडे दिसत होते. वाफेच्या लाइनजवळ ओढणी नको. बूट ओले राहिले तर दुसऱ्या दिवशी तसेच घालू नकोस, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, मला तीस वर्षं होत्या. बोट कापलं तर लपवू नकोस, जाऊन ती निळी पट्टी लावून घे. निळ्या रंगाचं खाणं नसतं म्हणून पट्टी निळी, हे तूच सांगितलंस, मला फार आवडलं. रात्रपाळी सुटल्यावर लगेच झोप, मोबाइल बघत बसू नकोस. सीनिअरला उलट बोलू नकोस, पण…

काय चाललंय माझं. प्रवचनच सुरू झालं. तुझी आई म्हणते, तुम्हाला रजिस्टरात रकाने भरायची सवय आहे, माणसालाही भरत बसता. माफ कर.

आज संध्याकाळी माळ्यावरून माझी जुनी पेटी काढली. त्यात दुधाची फॅट मोजायचे तीन काचेचे बुटायरोमीटर निघाले, एकाची मान तडकलेली. तू लहान असताना मी तुला डेअरीच्या डॉकवर, दूध उतरवून घेतात तिथं, घेऊन जायचो, ते आठवतं का? घड्याळ वाचायच्या आधी तू डिग्री वाचायला शिकलीस. कॅनमधून दूध काढून नळीत ओतलं की लॅक्टोमीटर तरंगायचा आणि तू डोळा आकड्यांना लावून ओरडायचीस, "अठ्ठावीस!" गवळी म्हणायचे, साहेबांची पोरगी आमचं पाणी पकडती.

फॅट मात्र तुला करू दिली नाही. दहा मिली ॲसिड, त्यावर पावणेअकरा दूध हळूच बाजूनं सोडायचं, वर एक मिली अल्कोहोल, बूच लावून हलवायचं. हलवलं की काच अशी तापते की फडक्याशिवाय धरवत नाही, आणि आतलं पांढरं बघता बघता काळपट तपकिरी होतं. ॲसिडचा थेंब शर्टावर उडाला तर तेव्हा कळत नाही. धुतल्यावर भोक पडतं. तुझ्या आईनं माझे सगळे शर्ट रफू केलेत. ती भोकं मोजायची आणि म्हणायची, आज सात टेस्ट केल्या वाटतं.

एकदा तिनं विचारलं होतं, "या शर्टाला एकपण भोक कसं नाही?" मे १९९७ ची गोष्ट. तेव्हा तुझा जन्म नव्हता, दादा तीन वर्षांचा.

लिहूनच टाकतो.

त्या आठ महिन्यांबद्दल तू घरात जे ऐकलंयस, ते मी सांगितलेलं आहे. चेअरमनच्या गटानं मला अडकवलं, राजकारण झालं, शेवटी युनियननं लढून परत घेतलं. आजी अजून ते पाहुण्यांना सांगते. आईनं ते आठ महिने शिलाई मशीनवर काढले आणि एकदाही मला विचारलं नाही, की नक्की काय झालं. तिनं विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

झालं ते असं. मी तेव्हा चिलिंग सेंटरला रात्रपाळीला होतो. उन्हाळ्याचं दूध, लाइट गेलेली, जनरेटर बंद, टेम्पो रांगेत. अशा दिवसांत दूध आंबायला लागलं की काही संकलनवाले त्यात खायचा सोडा टाकतात. आंबटपणा मारला जातो, उकळून बघितलं तरी फाटत नाही. ते पकडायला आमच्याकडं टेस्ट होती, रोझॅलिक ॲसिडची. दूध, तेवढंच अल्कोहोल, दोन-चार थेंब, आणि सोडा असेल तर गुलाबी. दोन मिनिटांचं काम. त्या रात्री एकाही टेम्पोची मी ती केली नाही. चार वाजता कंदिलाच्या उजेडात सगळ्यांच्या पुढं 'निगेटिव्ह' लिहीत गेलो. मला कुणी सांगितलं नव्हतं. केमिस्ट घरी झोपलेला होता. हातालाच ती सवय झाली होती, वर्षभर रोज निगेटिव्हच यायचं.

रजिस्टरात दोन रकाने असायचे. टेस्ट करणारा आणि तपासणारा. तपासणाऱ्यात मी सही केली. करणाऱ्यात माझ्या हाताखाली एक शिकाऊ पोरगा होता, एकोणीस वर्षांचा, त्याला हाक मारली. "इथं सही कर रे." तो कॅन धूत होता. हात पुसत आला आणि केली. पानावर ओल्या अंगठ्याचा डाग पडला होता, तो मला अजून दिसतो.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या मुख्य डेअरीतून टँकर परत आला. नऊ हजार लिटर. ओढ्यात सोडला, ओढा पुलापर्यंत पांढरा झाला, कुत्रीसुद्धा काठावर नुसती बघत उभी होती. चौकशीत मी म्हणालो, टेस्ट पोरानं केली, मी फक्त सही केली. त्याला विचारलं, तर तो माझ्याकडं बघून म्हणाला, "हो, मीच केली."

मी कायम होतो. माझ्यामागं युनियन होती. मला आठ महिने बसवलं आणि परत घेतलं. तो कामगारच नव्हता. त्याला त्याच संध्याकाळी घरी पाठवलं, कागदसुद्धा लागला नाही.

तू त्याला ओळखतेस. स्टँडवरचे वडेवाले काका. तू कॉलेजला जाताना तुझ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, आणि तुला वाटायचं पप्पांची ओळख म्हणून. मी तिथं वडा का खात नाही, यावरून तू मला चिडवायचीस.

तर गुरुवारी तू 'सर म्हणाले' असं म्हणालीस, तेव्हा मला तुझा सर दिसला नाही. तो बिचारा वाईट माणूस नसेलही. मीपण वाईट नव्हतो. त्यालाही लाइन संपवायची असेल, घरी पोरं असतील. पण उद्या पान उघडलं गेलं, तर तो वरच्या रकान्यात असेल आणि तू खालच्या.

तू म्हणशील, मशीनचा चार्ट असतोच की. असतो. पण चार्टची सुई अडकते म्हणून तर माणसानं थर्मामीटर बघून वेगळं लिहायचं. दोघांनी एकमेकांवर नजर ठेवायची. वरचंच खाली उतरवलंस तर साक्षीदार एकच राहतो, तोही अडकलेला.

वाचन राहिलं तर जागा रिकामी ठेव. बाजूला वेळ टाक आणि 'वाचन घेतलेलं नाही' एवढं लिही, त्याखाली सही कर. तो लॉट बाजूला ठेवायचा की काय करायचं, ते क्वालिटीवाले ठरवतील. ओरडतील. कदाचित वर्ष संपल्यावर ठेवून घेणार नाहीत. मग ये घरी. तुझ्या डिग्रीवर दुसरीकडं मिळेल, आणि नाही मिळालं तर म्हैस आहे. हे बापाचं बोलणं झालं, मला माहीत आहे. बारा हजारांचं मी पारावर सांगून बसलोय, आणि तुला परत यायलापण सांगतोय.

गुरुवारची ती दोन वाचनं तू लिहिलीस का, हे मी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. लिहिली असशील तर मला रागवायचा अधिकार नाही. फक्त त्या लॉटचा नंबर काय होता, तो बाहेर गेला का, एवढं बघ. मला सांगितलंच पाहिजे असं नाही.

पत्र आईला दाखवू नकोस. तिला मी सांगणार आहे. दादा निघाला की सांगतो. किंवा गुरुवारच्या बाजारानंतर.

डबा स्टीलचा आहे, आजीचा, हरवू नकोस. मेतकूट कोरड्या चमच्यानं घे.

तुझे
पप्पा

ता. क. सोमवारपासून परत रात्रपाळी आहे ना? दोन-अडीचला मी जागाच असतो. मिस्ड कॉल दे, मी करतो.